ताईंच्या उंचीचा माईक

आईशप्पथ सांगतो, हे खरं आहे. डोळ्यांनी पाहिलंय मी. म्हणजे त्या रात्री मी घरी घोरत पडलो होतो. पण ज्याच्यावर बेतलं त्या भोंग्यानेच मला सांगितलं, तेव्हा पाहिल्यासारखंच. हसतोस काय, दार लोटून घे आधी.

भोंगा म्हणजे आपला मित्र, रेडिओवर बातम्या वाचायचा. आवाज खणखणीत, पण रात्री अकराचं बातमीपत्र वर्षानुवर्षं तिथल्या जुन्या निवेदिकेकडे, ताईंकडे. ताई बुटक्या, माईक खाली ओढून वाचायच्या. त्या वारल्या आणि खुर्ची याला मिळाली. तरी लोक म्हणायचे, "बरं वाचता हो, पण ताईंची सर नाही." भोंग्याचा नुसता जळफळाट. त्यात मेलेल्या बाईशी भांडायचीही सोय नाही.

बातम्यांआधी अजून ताईंचंच रेकॉर्डिंग वाजायचं, "नमस्कार, ऐकूया आजच्या बातम्या." त्या शनिवारी भोंगा तेवढ्यासाठी लवकर गेला. ते वाक्य पुसलं, स्वतःच्या आवाजात भरलं. माईक वर ओढून स्क्रू करकचून आवळला.

"आता बसा गप्प," म्हणाला.

अकरा वाजले. लाल दिवा लागला. भोंगा वाचू लागला. काचेपलीकडे इंजिनियर डोळे मिटून मान डोलावत होता. भोंगा फुलला.

मधल्या संगीतात फोन लुकलुकला. कुणी आजोबा होते.

"ताई परत आल्या वाटतं. बरं झालं. तो दुसरा फार रटाळ हो."

भोंग्याने हेडफोन चढवले. पुढची ओळ वाचली. शब्द त्याचे. आवाज ताईंचा.

तो थांबला.

आवाज थांबला नाही...

पूल खचल्याची बातमी. मग हवामान. कागद त्याच्याच हातात. तोंड बंद.

दिवा विझला.

इंजिनियर आत आला. "ताईंचं जुनं रेकॉर्डिंग कुठून काढलंस रे? ऐकतच राहिलो."

"पूल आज दुपारी खचलाय," भोंगा म्हणाला.

दोघांची नजर माईकवर गेली.

माईक खाली आलेला होता. ताईंच्या उंचीवर. स्क्रू तसाच आवळलेला. दोघांनी पक्कड लावली. हलला नाही.

आता खरं सांगतो, त्या आजोबांचा फोन मी घातला, गोष्टीला रंग यावा म्हणून. इंजिनियरही डुलक्या घेत असेल, त्याची सवयच ती. पण माईकचं तू जाऊन बघ. नवा आणून बसवला, तोही सकाळी खालीच.

भोंगा अजून अकराच्या बातम्या वाकून वाचतो.