इन्स्पेक्टर हॅलमचा उंबरठा

मंजिरीच्या मुलाचं बारसं तिच्या आजोबांच्या घरी झालं, ते २०३७ साल. त्या दिवशी घरात पाहुणे होते त्याहून जास्त अनोळखी माणसं बाहेर गल्लीत उभी होती. सगळ्यांच्या डोळ्यांवर जाड काड्यांचे चष्मे. रिकाम्या दाराकडे बघून ती हसत, बाजूला सरकून कुणाला तरी वाट देत आणि जाताना आपलाच उजवा तळवा चाटत.

थॉर्नबेक हे यॉर्कशरमधलं लहानसं खेडं. ब्रॅडफर्डच्या लोकरगिरणीतली नोकरी संपल्यावर सखाहरी मोहिते आणि त्यांची बायको अनसूया इथे येऊन राहिले. त्यांच्या घराचं निळं दार टीव्ही मालिकेवाल्यांना पसंत पडलं आणि 'इन्स्पेक्टर हॅलम' तिथे चित्रित झाली. मालिकेत हॅलम रोज सकाळी त्याच दारातून कामावर निघे.

नट वेगळा आणि हॅलम वेगळा, हे अनसूयाबाईंना कधी पटलं नाही. आपल्या घरातून माणूस कामाला निघालाय, तर त्याच्या हातावर दही-साखर पडायलाच हवी. दृश्य पुन्हा घेतलं की पुन्हा दही. बिचारा नट तळवा चाटतच बाहेर पडे. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं आणि प्रेक्षकांना ती हॅलमची लकब वाटली.

सखाहरींच्या हातावर मात्र दही टिकत नसे. गिरणीतल्या यंत्राने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती, त्या फटीतून ते गळे. म्हणून दही घालताना अनसूयाबाई आपला डावा तळवा त्यांच्या हाताखाली धरत.

पर्यटकांच्या त्या चष्म्याला मंजिरी 'स्थळचष्मा' म्हणे. मालिकेचं वापरलेलं आणि टाकून दिलेलं सगळं चित्रण जोडून तो त्याच जागी पात्रं उभी करी. दारात खरा माणूस आला, तर त्याच्यावर पात्राचं रूप आणि आवाज चढवी.

बारशाच्या वेळी अनसूयाबाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांची आठवण जाऊन दोन वर्षं झाली होती. एका पर्यटक बाईने कौतुकाने आपला चष्मा त्यांना लावला. त्या ताडकन उठल्या.

"थांब रे, तसाच निघालास?"

त्या आपल्या आपण स्वयंपाकघरात गेल्या, वाटी घेऊन आल्या आणि चमचाभर दही हवेत सोडलं. ते पायरीवर पडलं. गल्लीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. सखाहरी पायरीकडे बघत राहिले.

त्यांनी चष्मा विकत घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो बायकोच्या डोळ्यांवर चढवून ते स्वतःच दारात उभे राहू लागले.

"आबा, ही फसवणूक आहे," मंजिरी म्हणाली.

"अगं, ती मला पोस्टमन समजते. रोज विचारते, पत्र आहे का. आता इन्स्पेक्टर झालो. बढतीच की."

"थट्टा नको. रोज त्याचाच चेहरा दाखवलात, तर तुमचा तिला परत आठवायचा कसा?"

सखाहरींनी एकदा चष्म्याशिवाय करून पाहिलं. "कोण हा माणूस?" म्हणून अनसूयाबाई इतक्या ओरडल्या की शेजारीण धावत आली. मग त्यांनी तो नाद सोडला.

आता रोज सकाळी हॅलमशी गप्पा चालत.

"मफलर घे रे. आमच्या ह्यांना सांगून सांगून थकले."

"ऐकत नाहीत?"

"हट्टी आहेत. पण मनाने फार चांगले हो."

"कुठे असतात?"

"गिरणीत. येतील इतक्यात."

सखाहरी मान हलवत. दही फटीतून पायरीवर गळे. अनसूयाबाईंना ते कळत नसे, कारण त्यांना पाचही बोटं दिसत. त्या आत गेल्या की सखाहरी फडक्याने पायरी पुसत. स्वतःबद्दलचे चार चांगले शब्द ऐकायला मिळत होते. ते सोडायचे, की तिला आपला चेहरा दाखवायचा धोका पत्करायचा, याचा निर्णय त्यांना करवत नव्हता.

निर्णय अनसूयाबाईंनीच केला. हिवाळ्यातल्या एका सकाळी, हातात वाटी असतानाच, त्यांनी चष्मा काढून स्वेटरच्या खिशात टाकला. चष्मा नाकाला रुतत असेल, दुसरं काही नसेल. सखाहरी जागच्या जागी थिजले. आता ती ओरडणार. हात मागे घ्यावा, की तसाच ठेवावा?

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग चमचा पुढे आला आणि त्याच वेळी डावा तळवा त्यांच्या हाताखाली सरकला.

"सांडेल," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दुपारी मंजिरी आली, तेव्हा सखाहरी पायरीवरच बसले होते. पायरी कोरडी होती.

"तिने मला ओळखलं का गं? की नुसती बोटं नाहीत एवढंच पाहिलं?"

मंजिरी त्यांच्या शेजारी बसली. "आबा, चेहरा विसरून हात लक्षात राहिला असेल, तर त्याला काय म्हणायचं?"



अनसूया सखाहरी मोहिते २०३९ सालच्या फेब्रुवारीत, त्यानंतर आठवडाभराने, थॉर्नबेकच्या घरी वारल्या.