तरफेच्या चित्राचे वर्णन

‘सर्व पाठ्यपुस्तके अंध विद्यार्थ्यांसाठी डिजिटल स्वरूपात वाचनीय आहेत,’ असे पाठ्यपुस्तक कार्यालयाने जाहीर केले होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. छापील पानांचे फोटो काढून त्यांनाच पुस्तक म्हटले गेले होते, आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राला फोटोतली अक्षरे कळत नाहीत. विज्ञानाच्या पानापानावर ते एकच धडा शिकवी : ‘चित्र. चित्र. चित्र.’

तक्रारी वाढल्यावर फायली दुरुस्त करून चित्रांची वर्णने लिहायला एक दुरुस्तीवाला नेमला गेला आणि त्या ऐकून तपासायला एक तपासनीस. ती जन्मांध होती. टेबले शेजारी लागली, हा निव्वळ जागेच्या टंचाईचा परिणाम.

“‘फुफ्फुसाचे चित्र’... एवढंच?” तिने विचारले. “हे वर्णन आहे की दारावरची पाटी?”

“बघितलं की कळतंच ना—” तो अडखळला.

“थांबलात का? सांगा की, कसं दिसतं?”

“उलटं धरलेल्या झाडासारखं.”

“झाड मी पाहिलेलं नाही. हात लावलाय फक्त.”

“मग... हात लावल्यासारखं सांगतो.”

तो सांगू लागला, ती नापास करू लागली. त्याचा आवाज यंत्रापेक्षा बराच संथ होता. तरी ती त्याला कधी घाई करीत नसे. कार्यालयीन अहवालात याची नोंद नाही.

परीक्षा तोंडावर आली. साहेबांनी दुरुस्त पुस्तक पाहुण्यांसमोर लावले. यंत्र स्वच्छ आवाजात म्हणाले : ‘तरफ. एक टोक खाली दाबलं की दुसरं वर येतं. चूक सापडली की तपासनीसबाईंची डावी भुवई अशीच वर जाते.’

पुस्तके मुकी होती तेव्हा साहेबांना राग आला नव्हता. एक बोलले, तेव्हा आला.

“हा चावटपणा कुणाचा? ज्याचा असेल त्याने आजच टेबल रिकामं करावं!”

“ओळ काढायलाच हवी, साहेब, पुस्तक मुलांचं आहे,” ती शांतपणे म्हणाली. “पण वर्णन खरं आहे का, हे तपासणं माझं काम. आणि हे एक मला तपासता येत नाही.”

तो उठून उभा राहिला. त्याचा कबुलीजबाब शब्दशः असा :

“ओळ माझी आहे, साहेब. बाईंनी तपासून झाल्यावर सराव म्हणून लिहिली, मग पुसवली नाही. टेबल रिकामं करतो. आणि बाई... वर्णन खरं आहे. ती भुवई वर जावी म्हणून मी रोज एक चूक मुद्दाम ठेवत होतो.”