एक जादा पापड

त्या दुपारी आंबेनळीकडून असा वारा सुटला, की उमरठच्या वरच्या वाडीत कोंबड्या उलट्या चालू लागल्या. त्याच वाऱ्यानं गौतमीच्या पत्र्यावरचा नाचणीचा ओला पापड उचलला, दोन वळणं पार नेला आणि मोटारसायकलवरून येणाऱ्या साहिलच्या हेल्मेटवर थापला. शेजारच्या वाडीचा साहिल महाडला अर्थशास्त्राचे क्लास घ्यायचा. काच पुसत तो अंगणात आला.

"तुमचाच ना हा?"

"माजाच. सात रुपये काढा."

"सात? कसे?"

"लाकडं, सावडीनं, एकमेकींच्या मदतीला, लाटायला आलेल्या बायांचं च्या-जेवण, टेम्पो... सगळं पापडांत भागलं की एकाला सातच पडतात." तिचा आवाज उतरला. "म्हणून तर महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्याला नाय म्हटलं. त्याला जादाचे पापड पाचानं हवेत. आता भावाकडं मुंबईला जायचं... कामाला."

साहिलचं हसू थांबलं. "चूल पेटलेलीच आहे, बाया आल्यात, टेम्पो जाणारच. मग अजून एक लाटला, तर जादा काय लागलं?"

"पीठ... मीठ... चिमूटभर पापडखार." ती थबकली. "दोनच रुपये?"

"त्यालाच सीमांत खर्च म्हणतात. एका जादा नगाचा खर्च."

गौतमी पत्र्याकडं बघतच राहिली. तेच पापड, तेच ऊन — पण समोरचा डोंगर हळूच बाजूला सरकून वाट दिसावी, तसं झालं तिला. "इतके दिस हे माज्या डोळ्यांसमोर होतं?" ती पुटपुटली, आणि हॉटेलवाल्याला होकार कळवायला फोन शोधत आत धावली.

मग काय! लाटायला येणाऱ्या शेजारच्या ठमाकाकीचं लाटणं असं फिरलं, की त्याच्या वाऱ्यानं पापड निम्मे वाळूनच पत्र्यावर जायचे. साहिल रोज संध्याकाळी 'हिशेब तपासायला' हजर.

"हिशेब पापडांचा बगतोस, का आमच्या पोरीचा, रे?" काकी विचारायची. साहिलचे कान लाल.

एके दिवशी वाडीतलं शेवटचं छप्परही भरलं. हातावर ओला पापड घेऊन गौतमी अंगणात उभी.

"आता काय ओ, सर?"

"आता पुढचा पापड महाग. त्याला नवं छप्पर लागणार." साहिल बुटाकडं बघू लागला. "आमचं... मोकळं आहे."

"आनी तिथं कावळे कोण हाकणार?"

"तू... म्हणजे... आलीस तर."

वारासुद्धा ऐकायला थांबला. 

"मग या एका पापडाचा खर्च किती, ते सांगा."

अख्ख्या महाडला गणितं घालणारा बोटं मोजू लागला. गौतमीनं पापड अलगद त्याच्या तळहातावर ठेवला.

"अख्खी मी," ती म्हणाली. "परवडतंय का बगा."