मागं बघ रं!

शिवदासच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर अर्धी घागर पाणी ओतलं, ते सगुणाने! रेवदंड्याच्या बंदरावर सिनेमाचा तंबू लागला होता. ओल्या पडद्यावरचं चित्र पडद्यामागे बसलेल्यांनाही दिसतं, म्हणून तो भिजवायचं काम तिच्याकडे होतं.

"अहो, पडदा तिकडे आहे!"

"पांढरं दिसलं... ओतलं."

तो मनापासून हसला. चित्र मुकं, त्याची गोष्ट पुढे उभं राहून सांगायची ती शिवदासने. "काल कशी वाटली गोष्ट?" त्याने विचारलं.

सगुणा गोंधळलीच. घरी आई नाही, बाप समुद्रावर. तिला कुणी काही विचारतच नसे.

"बेकार! घोडेस्वार कड्याला लोंबकळला, तवा तुमचा आवाज हसत व्हता. तो वाचनार, कळलंच आमाला."

त्याचं तोंड एवढंसं झालं. पण मग रोज दुपारी तो घागरीची वाट बघू लागला... आणि सगुणा दुपारची.

शेवटच्या दुपारी तो म्हणाला, "आजच्या गोष्टीत दाराआड मारेकरी आहे. लपवून ठेवू ना?"

"छे! आमाला आधीच दावा. ज्याला मारनार, त्याला तेवढं कळू देऊ नका. मंग बघा जीव कसा टांगणीला लागतो." ती थांबली. "समजा... एक पोरगी हाय. रविवारी तिची सुपारी फुटनार, चौलात लगीन ठरनार. तिचा जीव दुसऱ्यावर. समद्या कोलीवाड्याला ठावं हाय... त्यालाच न्हाय. आनि तो तिच्या म्होरंच उभा."

शिवदास तिच्याकडे बघत राहिला. सगुणाने घागर खाली ठेवली.

"वा!" त्याने मांडीवर थाप मारली. "आज अस्संच सांगतो!"

आणि सांगितलंही झकास. मारेकऱ्याचा सुरा वर गेला, तसा सारा तंबू ओरडला, "मागं बघ रं!" कोळीवाड्यातली म्हातारी सोनूबाई तर उभीच राहिली. पडद्यामागे बसलेल्या सगुणालाही तेच ओरडायचं होतं. एवढ्या गर्दीत तिला फार एकटं वाटलं.

सकाळी सिनेमाचं यंत्र शिडाच्या मचव्यावर चढलं. मचवा सुटला, तेव्हा कुठे शिवदासला आठवण झाली.

"सगुणा! त्या पोरीचं पुढे काय झालं?"

"फुडच्या खेपंला सांगीन!"

पुढची खेप पावसाळ्यानंतर, सुपारी मात्र येत्या रविवारी. धक्क्यावर सगुणाशेजारी उभ्या सोनूबाईने पदर डोळ्यांना लावला. मचवा दिसेनासा होईपर्यंत शिवदास मागे बघत, हसत हात हलवत होता.