सुप्रभाबाईंची गुरुवारची अपॉइंटमेंट

बस यतीन. तो कोपऱ्यातला दिवा पुरे, मोठा नको लावूस. चार वाजताच अंधारतं हल्ली, आणि मोठ्या उजेडात मला हे सांगता येणार नाही. चहा घे आधी. तू कॉव्हेंट्रीच्या वकिलांसाठी तेच बनवतोयस जे मी पिनरच्या फर्मसाठी बनवलं, आणि तुला माझा कोड हवाय. घे की, सगळा घे. मला तो परत बघायचासुद्धा नाहीये. पण आधी एक सांग, टेस्ट क्लायंटला नाव काय दिलंयस?

हसू नकोस, नीट विचारतोय.

तुला फर्म माहितीये. मृत्युपत्रं करणारी जुनी मंडळी, लंडनच्या हॅरो आणि पिनर भागातल्या निम्म्या देशी आजीआजोबांची मृत्युपत्रं त्यांच्या तळघरातल्या कपाटात आहेत. एकदा सही करून गेलेला माणूस वीस-वीस वर्षं परत फिरकत नाही. दरम्यान घरात लग्नं होतात, घटस्फोट होतात, माणसं जातात, आणि कागद तसाच. म्हणून मनीषाला, म्हणजे तिथल्या पार्टनरला, असा एआय हवा होता जो या सगळ्या जुन्या क्लायंट्सना आपणहून पत्र लिहील. घरात काही बदललं का, कुणी आलं का, कुणी गेलं का, असं अदबीनं विचारील, उत्तर आलं की रेकॉर्ड बदलील, आणि अपॉइंटमेंट देईल. मनीषा इथेच जन्मलेली. तिचं मराठी म्हणजे 'मिलिंद, तो पत्र गेली का?' अशा थाटाचं. पण डोकं तल्लख. तीच म्हणाली की म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या भाषेत लिहूया. म्हणून गुजराती माणसाला गुजरातीत, मराठी माणसाला मराठीत.

आता खऱ्या क्लायंटची माहिती टेस्टिंगला वापरायची नाही, हा नियम. खोटा क्लायंट पाहिजे, पण मेल मात्र खरोखर पोचला पाहिजे. आणि मी काय केलं? आपण सगळेच करतो ते. घरातलं नाव टाकलं. आईचं. सुप्रभा, वय एकोणऐंशी, एक मुलगा, एक मुलगी. तिचा जुना ईमेल मीच तिला उघडून दिला होता, फोटो पाठवायला. पासवर्डही माझ्याकडे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, म्हटलं, त्रास कुणालाच नाही.

पत्र गेलं सोमवारी सकाळी. मी आपला डबा उघडून ऑफिसच्या किचनमध्ये बसलोय, तर लॅपटॉपवर टिंग झालं. क्लायंटचं उत्तर आलं होतं. मराठीत, एका ओळीचं.

'मुलगा वारला. बाकी सगळं तसंच आहे.'

मला आधी राग आला. खरंच सांगतो, भीती नाही, राग. मला वाटलं आईचा फोन अनुयाकडे आहे, माझ्या बहिणीकडे, आणि तिच्या कुठल्या तरी पोरानं चावटपणा केलाय. पुण्याला फोन लावला आणि तिला वाटेल ते बोललो. तिला काही कळेचना. आईचा फोन कपाटात बंद पडलाय, म्हणाली, चार्जरसुद्धा फेकून दिला. मग रडायला लागली. मी सॉरी म्हटलं, फोन ठेवला आणि आईच्या मेलबॉक्समध्ये शिरलो. फर्मचं पत्र आलेलं होतं. न उघडलेलं. पाठवलेल्या मेलमध्ये काहीच नाही.

तू आता म्हणणार, एआयनंच दोन्ही बाजू लिहिल्या. मलाही तेच वाटलं. सुरुवातीला मी क्लायंटचं सोंग घेणारा एक बॉट ठेवला होता, पण तो मी दोन आठवड्यांपूर्वी काढून टाकला होता, आणि त्याला मराठीचा गंधही नव्हता. तासभर लॉग चाळत बसलो. उत्तर बाहेरून आलं होतं एवढं दिसत होतं. कुठून, त्या जागी काहीच नव्हतं.

आणि तोवर आमचं यंत्र गप्प बसलं होतं का? छे. मीच तसं बनवलेलं. त्यानं सांत्वनाचं पत्र लिहिलं, मीच लिहिलेल्या वाक्यांतून जुळवून. मुलाचं नाव विचारलं. उत्तर आलं, मिलिंद. केव्हा गेले, विचारलं. तर उत्तर असं, मला पाठ झालंय:

'मार्चमध्ये. मी दवाखान्यात होते. येतो म्हणाला होता.'

यतीन, हे कुणालाच माहीत नाही. ऐक.

त्या मार्चमध्ये माझा व्हिसा वाढवायचा अर्ज आत अडकला होता. निकाल यायच्या आधी देश सोडला की अर्ज रद्द, हे तुला सांगायला नको. आई पुण्याला ॲडमिट. रोज व्हिडिओवर मी म्हणायचो, येतो गं, पुढच्या आठवड्यात नक्की. सगळ्यांना सांगितलं, आजही सांगतो, की निकाल ती गेल्यावर आला. खोटं आहे ते. निकाल मंगळवारी आला. आई शुक्रवारी गेली. बुधवारी विमान होतं. पण त्या गुरुवारी आमचं एक गो-लाइव्ह होतं, नवी सिस्टीम चालू करायची होती, आणि मी म्हटलं शनिवारी जाऊ, दोन दिवसांनी काय होतंय. श्रद्धालासुद्धा सांगितलेलं नाही मी हे. लग्नाची बायको माझी, आणि तिला माहीत नाही.

शुक्रवारी सगळं फोनवर पाहिलं. अनुयानं फोन एका डब्याला टेकवून ठेवला होता, तो सारखा घसरत होता.

असो. आमच्या यंत्रानं पुढची पायरी घेतली. कुणी वारल्याचं कळलं की रेकॉर्ड बदलायला मृत्यूचा दाखला मागायचा, हा फर्मचा रिवाज. त्यानं लिहिलं, दाखला असल्यास सोबत आणावा. मी स्क्रीनसमोर बसलेलो. दुपारचे तीन, शेजारी कुणीतरी बिस्किटं खातंय, प्रिंटर चाललाय. उत्तर आलं.

'दाखला नाही. पण तो असता तर आला असता.'

मला तिथे बसवेना. उठून टॉयलेटमध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. अरे, तिनं मला दोष दिला नव्हता. तिच्या मनात ते आलंच नव्हतं. तिनं आपली साधी सरळ गोष्ट ताडली होती, की माझा मुलगा येतो म्हणाला आणि आला नाही, म्हणजे तो या जगात नाही.

परत येऊन बघतो तर अपॉइंटमेंट दिलेली. गुरुवार, दुपारी अडीच, तळमजल्यावरची छोटी मीटिंग रूम. आणि कुटुंबाच्या रकान्यात, मुलगा मिलिंद, मृत. मी रेकॉर्ड पुसायला गेलो तर पुसेना. पुढची अपॉइंटमेंट असलेला क्लायंट पुसता येत नाही, हा नियमही माझाच. शहाणपणा सगळा माझाच.

एक मात्र करता आलं असतं. 'मृत'च्या जागी 'हयात' निवडायचं, बस्स, एक क्लिक. पण रेकॉर्डमध्ये काहीही बदललं की यंत्र क्लायंटला कळवतं. म्हणजे त्यानं तिला लिहिलं असतं, आपले चिरंजीव हयात आहेत अशी आमच्याकडे नोंद आहे. कळतंय का तुला? मी मेलेलो होतो तोवर चांगला मुलगा होतो. जिवंत झालो की मग मी न आलेला मुलगा. मंगळवार, बुधवार, दोन दिवस माझं बोट त्या बटणावर नुसतं फिरत राहिलं. मनीषानं विचारलं, टेस्ट क्लायंटला अपॉइंटमेंट कशी? मी म्हटलं, बग आहे, बघतो.

गुरुवारी दोन वाजताच त्या खोलीत जाऊन बसलो. लहानशी खोली आहे, गोल टेबल, दोन खुर्च्या, एक रेडिएटर. रेडिएटर टक् टक् वाजत होता. बाहेर रस्त्यावरून येणारी-जाणारी माणसं, बस, सगळं नेहमीचं ऐकू येत होतं, पण लांबून. मी स्वतःला शिव्या घालत होतो. मास्टर्स केलेला माणूस, आणि कुणाची वाट बघतोय?

अडीच झाले. दोन पस्तीस. कुणी आलं नाही. मी सुटकेचा श्वास घेतला, आणि त्या श्वासात अमृतांजनाचा वास आला.

थोडासाच. झोपताना ती कपाळाला लावायची तेवढाच. मी समोरच्या खुर्चीकडे बघितलं नाही. लॅपटॉपकडे बघितलं. अपॉइंटमेंटच्या पानावर इंग्रजीत एक ओळ उमटली होती, की क्लायंट दोन अठ्ठावीसला पोचल्या आहेत, बसल्या आहेत, विचारताहेत की अजून थांबायचं का.

रेडिएटर वाजायचा बंद झाला होता. केव्हा, ते माहीत नाही.

मी क्लिक केलं. हयात. का केलं, विचारू नकोस. धीर नव्हता तो. एवढंच वाटलं की माझ्यासाठी ही बाई रडत असेल तर ते खोटं रडणं आहे आणि ते थांबवलं पाहिजे. यंत्राचं पत्र गेलं. त्याच्या खाली मी माझ्या हातानं लिहिलं, 'आई, मी आहे. येता येत होतं. आलो नाही.'

पान दोनदा रिफ्रेश केलं. मग…

'बरं. मग मी थांबते.'

एवढंच. रागाचं काही नाही, प्रश्न नाही. मी लॅपटॉप न मिटता उचलला आणि बाहेर आलो. रिसेप्शनवर मायरा होती. तिला विचारलं, माझ्याकडे कुणी आलं होतं का? ती म्हणाली, कुणीच नाही, मी जागेवरून हललेही नाही. दारापाशी त्यांचं व्हिजिटर बुक असतं, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. आग लागली तर आत कोण आहे ते कळावं म्हणून. मी आपलं सहज पान उलटलं.

शेवटची ओळ मराठीत होती. सुप्रभा. तिच्या 'भा'चा काना नेहमी ओळीखाली उतरायचा, प्रोग्रेस बुकावर सही करतानाही. आत, दोन पंचवीस. बाहेरचा रकाना कोरा.

मायरा गोंधळली. ही कुठली भाषा, कुणी लिहिलं, तिला काही आठवेना. नंतरच्या मंगळवारी तिथे फायर ड्रिल झालं. सगळे कार पार्कमध्ये थंडीत उभे, मायरानं यादी वाचली आणि म्हणाली, एक व्हिजिटर अजून आत आहे. दोघं जण आत जाऊन खोल्या बघून आले. कुणी नाही. मनीषा वैतागून मला म्हणाली, तुझी गेस्ट आहे ना, लिहून टाक कायतरी वेळ. मी पेन हातात घेतलं. पण लिहू काय? बाहेर गेली म्हणून लिहायचं म्हणजे मी तिला बाहेर काढायचं. माझ्यानं होईना. रकाना कोराच आहे.

त्यानंतर मी पिनरला गेलेलो नाही. घरूनच काम करतो, इथून. मायरा दर शुक्रवारी मेसेज करते, तुझी व्हिजिटर एंट्री अजून उघडी आहे, येऊन सही करून जा. आणि मी दर शुक्रवारी तिला काय लिहितो माहितीये? कालपर्यंत माझ्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. काल मेसेज वर सरकवत वाचत गेलो तेव्हा दिसलं. पाच आठवडे, पाच वेळा, एकच वाक्य. पुढच्या आठवड्यात येतो, नक्की.

तुला मी आज कोडसाठी बोलावलं नाही, यतीन. मला एकट्याला बसवत नव्हतं.

आज सकाळी यंत्राची सूचना आली. हा बघ लॅपटॉप, घे, वाच तूच. सुप्रभा, कुटुंबाच्या माहितीत बदल. मुलगा मिलिंद, मृत. बदल कुणी केला, तर क्लायंटनं. आणि त्याच्या खाली ती ओळ बघ, जी मागच्या वेळी रिकामी होती.

दाखला जोडला आहे.

फाइल आहे ती. एका पानाची. दाखला म्हणजे त्यावर माझी तारीख असणार. मी सकाळपासून उघडलेली नाही… तू उघडतोस?