रुमालातलं चीज

लेआर्कोच्या आधी त्याचं चीज माझ्यापर्यंत पोचलं. घरंगळत.

तोरिनोतल्या जुन्या दारूच्या कारखान्यात खाण्यापिण्याचा तो भलामोठा बाजार उघडला, त्या दिवसाची गोष्ट. वरच्या मजल्यावर चीज, खाली मासळी, भाज्या, दारू आणि कोपऱ्यात आमचा पास्त्याचा गाळा. पूर्वी पिंपं खाली आणायला एक दगडी उतार होता, तो शोभेसाठी तसाच ठेवलेला. उद्घाटनाला पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडत होते, उपमहापौर भाषण करत होते, आणि वरून मणभर वजनाचं चीजचं अख्खं चाक हातगाडीवरून निसटलं.

निसटलं ते थेट उतारावरून खाली. टोमॅटोच्या राशीला त्यानं वळसा घातला... हो, वळसा! आमच्या ट्रॅमपेक्षा त्याला जास्त अक्कल होती. उपमहापौर नेमके ‘आता मागे हटणे नाही’ इथपर्यंत आले होते, ते हटले. पाद्रीबाबांनी वयाला न शोभणारी उडी मारली आणि हातातलं सगळं पवित्र पाणी मासळीवर ओतलं. मग ते चाक आमच्या पिठाच्या पोत्यावर येऊन धडकलं. धप्प! पीठ छतापर्यंत उडालं, आणि खाली बसलं ते सगळं माझ्यावर.

त्या पांढऱ्या धुक्यातून एक उंच, हडकुळा मुलगा धावत आला. गुडघ्यांवर बसला. काकुळतीनं म्हणाला, “लागलं का गं?”

“नाही...” मी लाजून म्हटलं. “विशेष नाही.”

त्यानं मान वर करून पाहिलं. तेव्हा मला कळलं, तो चीजशी बोलत होता.

खिशातून त्यानं एक छोटी हातोडी काढली, चाकाला कान लावला आणि टक्... टक्... टक्... वाजवत सगळीकडून फिरला. शेजारी डोक्यापासून पायापर्यंत पिठात बुडालेली मुलगी उभी आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“काय म्हणतेय ती?” मी विचारलं.

“ठीक आहे. आवाज भरीव येतोय. आत तडा गेला असता तर पोकळ आला असता.” मग त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तुम्ही... नेहमी अशाच असता?”

“नाही. कधीकधी माझ्यावर चीज येऊन आदळत नाही.”

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली. आणि मागून माझ्या आत्याचा आवाज आला, “मिरेल्ला! हसून झालं असेल तर पीठ झाड! अंगावरचं नाही, जमिनीवरचं!”

देल्फिनाआत्या म्हणजे गाळ्याची मालकीण, स्वयंपाकीण आणि पोलीस. आमच्याकडे नखाएवढा पास्ता मिळायचा. आत भाजलेलं मांस आणि पालक, कडा चिमटा काढून बंद केलेल्या. आमच्या बोलीत त्याचं नावच ‘चिमटा’. उकळून तो गरमागरम पांढऱ्या रुमालात बांधून द्यायचा, बस्स. रस्सा नाही, लोणी नाही, चीज तर नाहीच नाही. दारात आत्यानं पाटी लावली होती: ‘इथे चीज मिळणार नाही. मागूही नका.’

दुसऱ्या दिवशी दुपारी लेआर्को आला, रुमाल सोडला, एक घास खाल्ला आणि वर पाहून म्हणाला, “छान आहे. यावर थोडं...”

“पाटी वाचता येते का?” आत्यानं लाटणं उचललं.

“येते, सिन्योरा. पण आमच्या रेज्जोकडे, चीजच्या मुलुखात, याला उपाशी ठेवणं म्हणतात.”

“आणि आमच्याकडे चीज घालण्याला काय म्हणतात माहितेय? लपवाछपवी! ज्याचा पास्ता वाईट, त्यानं चीज घालावं!”

तरी तो रोज येतच राहिला. ऑक्टोबरचं धुकं खिडक्यांना चिकटलेलं असायचं, रस्त्यावर रिमझिम चालू असायची, आणि तो आमच्या टोकाच्या स्टुलावर बसून रुमालात तोंड घालून खायचा. रुमालात तोंड का, ते मला आठवड्यानं कळलं. खिशात चीजचा तुकडा आणि अंगठ्याएवढी किसणी! टेबलाखाली किसायचा आणि वर साळसूद चेहरा.

“पकडले गेलात ना,” मी कुजबुजले, “तर आत्या तुम्हालाच लाटेल.”

“तुम्ही सांगणार?”

“बघते... तुमच्या वागणुकीवर आहे.”

“मग चांगला वागेन,” तो म्हणाला, आणि माझ्या गालावरचं पीठ बोटानं पुसलं. पुसलं कसलं, त्याच्या बोटावर चीज होतं, ते लावलं! दिवसभर आत्या हुंगत फिरली. “इथे कुणीतरी पाप करतंय. मला वास येतोय.” वास माझ्या गालालाच येत होता. मी तो घरी जाईपर्यंत धुतला नाही.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, आठवत नाही. तो मला ‘पीठवाली’ म्हणायचा, मी त्याला ‘उंदीर’. तो सगळं वाजवून बघायचा. कलिंगड, दारं, पिंपं... एकदा उपमहापौरांचा पुतळा बसवला तोही वाजवून आला आणि गंभीरपणे म्हणाला, “जशी अपेक्षा होती तसाच आवाज आला.”

पण प्रेमाबद्दल मात्र अक्षर नाही. त्यानं काढलं नाही, मीही नाही. मला वाटायचं, मुलगा आहे, त्यानं बोलावं. त्याला काय वाटायचं, देव जाणे. चीजशी मात्र तास-तासभर बोलायचा.

नाताळ जवळ आला, आणि एका सोमवारी तो स्टुलावर बसलाच नाही. उभ्यानंच म्हणाला, “मामाचे गुडघे गेले. डोंगरातल्या त्याच्या डेअरीत माणूस नाही. रविवारी गाडी घेऊन येतोय मला न्यायला. इथे दुसरा कुणीतरी येईल.”

“परत कधी येणार?”

“गाई रोज दूध देतात, मिरेल्ला. सुट्टी नसते त्यांना.”

“बरं,” मी म्हटलं. “शुभेच्छा. मला काय... मी मजेत आहे.”

त्यानं हातोडी काढली, माझ्यासमोरच्या ओट्यावर हळूच वाजवली, कान वाकडा केला. “आवाज पोकळ येतोय,” म्हणाला आणि निघून गेला.

मी त्या दिवशी इतके पास्ते चिमटले, की माझ्या बोटांना पाहून आत्या म्हणाली, “बाई गं, बंद करायचेत, गळा नाही आवळायचा!”

तीन दिवस मी विचार केला. तोंडानं बोलायची हिंमत होत नव्हती. मग शुक्रवारी सकाळी वरच्या मजल्यावर जाऊन त्याच्या मदतनीस बाईकडून गुपचूप चीज आणलं आणि दुपारी, आत्याची पाठ फिरताच, त्याच्या वाटणीच्या पास्त्यावर भरपूर किसलं. माझ्या हातानं! आमच्या गाळ्यात! आजोबा थडग्यात कुशीवर वळले असतील. मला त्याला जे म्हणायचं होतं ते मी चीजमध्ये लिहिलं होतं: बघ, तुझ्यासाठी मी काय केलं. आता तरी बोल.

ओळखू यावा म्हणून त्या रुमालाच्या कोपऱ्याला गाठ मारली, आणि पाणी आणायला वळले. तेवढ्यात आत्यानं ती गाठ पाहिली. “हे काय गबाळं बांधलंय?” म्हणत तिनं गाठ सोडली, रुमाल नीट केला, दुसऱ्या रुमालाशेजारी ठेवला. मी परत आले तर दोन जुळे रुमाल, दोघांतून वाफ... आणि त्यातला एक आत्यानं उचललाही होता.

तो चालला होता काव्हालिएरे बेर्रुतींकडे. सरकारनं कधीतरी किताब दिलेले म्हातारे गृहस्थ. दर शुक्रवारी आमच्याकडे टाय लावून जेवायचे आणि गावभर सांगायचे, की तोरिनोत शुद्ध अशा आता फक्त दोनच गोष्टी उरल्यात: देल्फिनाचा पास्ता आणि ते स्वतः.

काव्हालिएरेंनी रुमाल उघडला. एक घास घेतला. काटा खाली ठेवला.

“देल्फिना,” ते म्हणाले, “यात चीज आहे.”

मासळीवाल्यानं सुरी हवेतच धरली.

आत्यानं काहीही विचारलं नाही. लाटणं घेऊन ती थेट टोकाच्या स्टुलाकडे गेली. लेआर्को तिथे दुसऱ्या रुमालासमोर नुकताच बसला होता.

“खिसे दाखव!”

“सिन्योरा, मी...”

“खिसे!!”

त्यानं खिसे उलटे केले. हातरुमाल, हातोडी, ट्रॅमचं तिकीट, अर्धं बिस्किट. चीज नाही. किसणीही नाही.

“कुठे लपवलंस?”

“आज आणलंच नाही.” त्याचे कान लाल झाले होते. “आज शेवटचा दिवस... म्हणजे, उद्या सामान बांधायचंय. म्हटलं जाण्याआधी एकदा नुसतं खाऊन बघावं. ती म्हणते तसं.”

ती. सगळ्या बाजारानं माझ्याकडे पाहिलं.

आता गप्प बसले असते, तर रविवारी गाडी आली असती आणि संपलं असतं. 

“मी घातलं,” मी म्हटलं.

“तू?” आत्याच्या हातातलं लाटणं खाली आलं. “माझ्या भावाची मुलगी?”

“काव्हालिएरेंसाठी नव्हतं. त्याच्यासाठी होतं.” आणि मग काय झालं कोण जाणे, मी ओरडलेच, “त्याला आवडतं म्हणून! तो जातोय, आणि मला तो जायला नकोय, आणि हा गाढव फक्त चीजशी बोलतो!”

लेआर्को उठला, ओट्यापाशी आला. आमच्या मधे ओटा, ओट्यावर पीठ. त्यानं बोटाच्या पेरानं लाकडावर हळूच वाजवलं... टक्... आणि ऐकलं.

“आता?” मी विचारलं.

“भरीव,” तो म्हणाला. “मिरेल्ला, पहिल्या दिवशी मी खोटं बोललो. ‘लागलं का’ तुलाच विचारलं होतं. तू हो म्हणाली असतीस तर काय करायचं ते सुचेना, म्हणून चीजकडे वळलो.”

“खोटारडा!” मी रडत म्हटलं.

“थोडासा.”

आत्या काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून काव्हालिएरे खाकरले. “तुमचं चालू दे. मला फक्त एवढं सांगा, हे चीज किती जुनं आहे?”

“दोन वर्षांचं,” लेआर्को म्हणाला.

“हं.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रुमाल ओढून ताट झाकलं, डोकंही त्यात घातलं. आतून आवाज आला, “मी आज इथे आलोच नव्हतो.”

रविवारी मामा गाडी घेऊन आला. लेआर्को त्याच्याबरोबर गेला, गाई थांबत नव्हत्या. पण दर सुट्टीला पहिल्या गाडीनं तोरिनोत हजर व्हायचा, आणि वसंतात मी माझं सामान घेऊन वर डोंगरात गेले. निघताना आत्यानं तिचं लाटणं माझ्या पिशवीत कोंबलं. “पास्त्यासाठी,” म्हणाली. मग लेआर्कोकडे पाहून, “आणि याच्यासाठी.”

परवा, कितीतरी वर्षांनी, आम्ही पुन्हा त्या बाजारात गेलो. आत्या आता नाही, काव्हालिएरेही नाहीत. दगडी उताराला काचेचा कठडा लावलाय, कुठलंही चाक आता वळसा घालून येणार नाही. आमच्या गाळ्यात कुणी दुसरेच असतात. पण रुमाल तसेच, पांढरे, वाफाळणारे. बाहेर तसंच धुकं.

काउंटरवरची पोरगी हसून म्हणाली, “वर चीज घालू ना?”

मी काही बोलायच्या आत लेआर्को, ज्याच्या खोलीभर चीजची चाकं आहेत तो लेआर्को, ताठ बसला.

“इथे?” तो म्हणाला. “इथे चीज घालत नाहीत, बाळ.”

आणि बोलता बोलता त्यानं खांद्यावरून मागे पाहिलं, जणू लाटणं घेऊन कुणी उभं आहे.

मी रुमाल उघडला. वाफ डोळ्यांत गेली, निदान मी तसं म्हटलं. मग टेबलाखालून हळूच त्याच्या खिशात हात घातला. किसणी होतीच.