डाव्या हातांचा मेळावा

कात्री ही कात्री असते, तिला डावं-उजवं काही नसतं, असं दुकानदाराने तिसऱ्यांदा सांगितलं आणि मुकादमचा संयम सुटला.

मुकादम हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका बेकरीत केकवर क्रीमने नावं लिहायची. पण ‘डावी बाजू’ नावाचा डावखुऱ्यांचा एक ऑनलाइन गट होता, त्याची ती कर्तीधर्ती होती, आणि तिथे तिला सगळे याच नावाने ओळखत. कुणाला आत घ्यायचं, कुणाचे कान उपटायचे, कुणाला बाहेर काढायचं, सगळं तिच्या मर्जीवर. आता इतकी वर्षं नुसत्या गप्पा झाल्यावर गटाने एकदाचं प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला डाव्या हाताची कात्री भेट द्यायची, ही टूम तिचीच.

“तुम्ही ही तुमची कात्री डाव्या हातात धरून बघा एकदा,” ती दुकानदाराला म्हणाली. “कापड कापलं जात नाही, चावलं जातं.”

मागे कुणीतरी हसलं. ती फणकाऱ्याने वळली. एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. नखांच्या कडांना निळा रंग, आणि डोळ्यांत… हसू लपवायचा अगदीच फसलेला प्रयत्न.

“‘चावलं जातं’ हे मी वाचलंय,” तो म्हणाला. “तुम्ही मुकादम ना?”

“आणि तुम्ही?”

“रंगारी.”

तिचा राग जागच्या जागी विरघळला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, गटातला रंगारी! त्याची दोन ओळींची उत्तरं वाचून तिने बेकरीत कितीदा तरी क्रीमचा कोन खाली ठेवून हसून घेतलं होतं. तो याच गावात राहत असेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

एव्हाना दुकानदाराने कुठल्याशा खणातून खरोखरच डाव्या हाताची एक कात्री शोधून काढली होती. तिने ती रंगाऱ्याच्या पुढ्यात धरली, चालवून बघा म्हणाली. त्याने कात्रीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग हळूच डावा हात पुढे केला… आणि कापडाचा असा काही चोथा केला की ती दुकानदारावर पुन्हा उखडली, असला माल ठेवता म्हणून. दुकानदार आ वासून बघत राहिला. स्वतः एकदा कात्री चालवून पाहावी हे तिला सुचलंच नाही. त्या घटकेला तिला बरंच काही सुचत नव्हतं.

गावात दोघंच सदस्य, त्यामुळे मेळाव्याची सगळी धावपळ त्यांच्याच गळ्यात पडली. तिने वरकरणी कुरकुर केली, म्हणजे तशी रीत असते म्हणून. एका शाळेचं सभागृह ठरलं. तिथल्या खुर्च्यांना लिहायची फळी उजव्या बाजूला होती. ती व्यवस्थापकाच्या इतकी मागे लागली की त्या बिचाऱ्याने अख्ख्या शाळेतून डाव्या फळीच्या खुर्च्या गोळा करायचं कबूल केलं. जेवणवाल्याला तिने सांगितलं की पळ्या आणि डाव टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवायचे. त्याने विचारलं, का? तेव्हा रंगारी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, की वाद घालू नका, बाईंनी आजवर कुणाचं ऐकलेलं नाही. स्वागताचा कापडी फलक रंगवायचं काम अर्थातच त्याच्याकडे आलं.

आठवड्याभरात अहो-जाहो गळून पडलं. कामं संपली की दोघं बस-थांब्याजवळच्या टपरीवर चहा प्यायची. तो चहा त्याच्या शर्टावर जास्त आणि पोटात कमी जायचा. चमचा हातून निसटायचा, बिस्किट कपात बुडून मरायचं. एवढा धांदरट माणूस सरळ रेघ कशी मारत असेल, तिला कोडंच पडायचं. मग एके दिवशी तिने स्वतःशीच उत्तर काढलं, की हा आपल्यासमोरच असा गडबडतो. त्या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की दिवसभर ती केकवरच्या अक्षरांना नको तिथे वेलबुट्ट्या काढत बसली.

भावोजींचा किस्सा तिने त्याला तिथेच सांगितला. गटाचा एकच नियम होता, उजव्यांना प्रवेश नाही. पूर्वी एक उजवा चोरून आत शिरला होता. शाळेत बांधून ठेवलेले हात, बोटांवर खाल्लेल्या पट्ट्या, लोकांनी विश्वासाने लिहिलेलं ते सगळं त्याने बाहेर विनोद म्हणून खपवलं होतं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. गंमत म्हणून शिरलेल्या सख्ख्या भावोजींनासुद्धा तिने मागचापुढचा विचार न करता काढून टाकलं, आणि त्यापायी ताईने महिनाभर अबोला धरला.

हे सांगताना ती हसत होती. तो मात्र मध्येच हसायचा थांबला.

“त्यांनी आपणहून सांगितलं असतं तर?” त्याने विचारलं.

“नियम म्हणजे नियम,” ती म्हणाली. आणि त्याचा चहा सांडला.

मेळावा आठवड्यावर आला तेव्हाची गोष्ट. भुरभुर पाऊस पडत होता, थांब्याच्या पत्र्याखाली दोघंच होती. तिच्या केसांवर अडकलेला कागदाचा कपटा त्याने अलगद काढला आणि हात मागे घ्यायला जरा जास्तच वेळ लावला.

“मला तुला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “आधीच सांगायला हवं होतं.”

तो काय सांगणार हे तिला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. आणि ते आत्ताच ऐकून संपवून टाकावं असं तिला वाटेना.

“मेळाव्यानंतर सांग,” ती म्हणाली. “मी कुठे पळून जात नाही.”

“पण ते…” तो म्हणाला. तेवढ्यात तिची बस आली.

दोन दिवसांनी बेकरीतून लवकर सुटका झाली, तेव्हा ती न कळवता त्याच्या दुकानावर गेली. दार उघडंच होतं. भिंतीभर कापड ताणलेलं, त्यावर ‘डावी बाजू’ ही अक्षरं अर्धी उमटलेली, आणि त्याचा कुंचला पाण्यासारखा वाहत होता. ना कुठे थरथर, ना एक थेंब इकडचा तिकडे. किती सुंदर दिसतोय हा काम करताना, असं आधी तिच्या मनात आलं. मग तिला दिसलं की कुंचला उजव्या हातात आहे.

तो वळला, आणि तिचा चेहरा पाहून त्याने कुंचला डब्यात ठेवून दिला. डाव्या हातात घ्यायचं नाटक केलं नाही, एवढं मात्र खरं.

“त्या दिवशी हेच सांगत होतो,” तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. डावखुरी त्याची आई. ती शिवणकाम करायची, तिच्यासाठी कात्री कुठे मिळेल हे विचारायला तो गटात आला होता. अशी कात्री मागणारा डावखुराच असणार असं सगळ्यांनी धरलं, तू कोणत्या हाताचा, हे कुणी विचारलं नाही. कात्री मिळाली, पण तो थांबला. कशासाठी थांबला, हे सांगायची गरज आहे का? दुकानात तिने कात्री पुढे केली तेव्हाच तो खरं बोलणार होता. पण खरं बोललो तर ही आत्ताच्या आत्ता निघून जाईल, अशी त्याला भीती वाटली.

“तीन महिने मी डाव्या हाताने जेवतोय,” तो म्हणाला. “आई म्हणते, वेड लागलंय.”

ती हसली नाही.

“शाळेत मी रोज उजवी असल्याचं सोंग करायचे,” ती म्हणाली. “रोज. ते करावं लागू नये म्हणून हा गट काढला. आणि तुम्ही तिथेच येऊन माझ्यासमोर सोंग केलंत.”

तिने त्याला पुन्हा अहो-जाहो केलं होतं. ते त्याला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं असावं.

घरी जाऊन तिने त्याला गटातून काढलं. एक बटण दाबायचं, इतकंच काम. भावोजींच्या वेळी तिला झोप छान लागली होती. या वेळी तिने आल्यागेल्या सगळ्यांवर चिडचिड केली, केकवर एका नवरदेवाचं नाव चुकवलं, आणि शेवटी ताईसमोर बसून घळाघळा रडली. ताईने सगळं ऐकून घेतलं. त्याने तुमच्यातलं काही बाहेर सांगून हशा मिळवला का, असं विचारलं. तिने मान हलवली, नाही.

“मग तू राग कशाचा धरलायस?” ताईने विचारलं.

“मला वाटलं होतं तो माझ्यासारखा आहे.”

“तुझ्यासारखा आणखी एक घरात आला तर आम्ही कुठे जायचं?” ताई म्हणाली, आणि तिला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी गटात एका वयस्क सदस्याने विचारलं, की बायको उजवी आहे, तिला मेळाव्याच्या दाराबाहेर बसवू का? चाळीस वर्षं जेवताना कोपराला कोपर लागतं म्हणून भांडतेय, पण तिच्याशिवाय मला कुठे जायची सवय नाही. मुकादमने तो संदेश दोनदा वाचला. मग लिहिलं: ‘प्रत्येकाने एक घरचं माणूस बरोबर आणावं. हात विचारला जाणार नाही.’ गटात आनंदीआनंद झाला. नियम तिने मोडला होता, पण रंगाऱ्याला फोन करायला काही तिचं मन धजेना. काढलं आपण, आता बोलवायचं कुठल्या तोंडाने?

मेळाव्याच्या सकाळी ती दाराशी उभी होती. माणसं येत होती, टोपणनावं सांगत होती, मिठ्या पडत होत्या. सगळ्यांनी हस्तांदोलनाला डावा हात पुढे करायचा, आणि कुणाचाच हात हवेत लोंबकळत राहायचा नाही, हे पाहून तिचे डोळे भरून आले. तरी तिची नजर पुन्हा पुन्हा रस्त्याकडे जात होती. स्वागताच्या फलकाची जागा रिकामीच होती.

इतक्यात एक ठेंगण्या बाई काखेत कापडाची भली मोठी गुंडाळी घेऊन आल्या. त्यांनी ती मुकादमच्या हवाली केली आणि सदस्य व्हायचं आहे म्हणाल्या. हात तिने विचारला नाही, तरी त्यांनी डावा वर करून दाखवला.

“कात्री छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच पत्ता दिला होतात. मुलगा बाहेर उभा आहे. एक घरचं माणूस चालतं असं फाटकावर पाहुण्यांकडून कळलं, म्हणून माझ्याबरोबर आत चल म्हटलं, तर नको म्हणतो. ज्यांनी काढलं त्यांनी हो म्हटल्याशिवाय यायचा नाही.”

तिने ती गुंडाळी कुणाच्या तरी हातात कोंबली आणि ती जवळजवळ पळतच बाहेर गेली. तो फाटकापाशी भिंतीला टेकून उभा होता. डोळे जागरणाने लाल, शर्टावर नेहमीसारखा चहा नाही… फक्त रंग. तिला पाहताच ताठ झाला.

“फलक पोचवायला आलो होतो,” तो म्हणाला. “निघतो मी.”

“आई म्हणाल्या, तू त्यांच्याबरोबर आत यायला तयार नाहीस.”

‘तू’ ऐकून त्याने चटकन वर पाहिलं. “तू म्हणालीस तर येईन. आईच्या नावावर.”

“आईंच्या नावावर नाही यायचं.”

त्याचा चेहरा उतरला. त्याने मान डोलावली आणि जायला वळला. आता मात्र तिची तारांबळ उडाली, कारण पुढचं वाक्य तिने ठरवून ठेवलं होतं आणि ते ऐन वेळी ओठांवर येईना.

“माझ्या नावावर ये,” ती कशीबशी म्हणाली. “मी कुणालाच आणलेलं नाही.”

तो थबकला. “घरचं माणूस आणायचं आहे ना?”

“हो.”

“मी कुठे तुझ्या घरचा आहे?”

“मला तसं हवंय,” ती म्हणाली. बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. “आणि तुझी मेळाव्यानंतर सांगायची गोष्ट आत्ताच सांग. अर्धी मला कळली आहे. उरलेली राहिली आहे.”

“उरलेली तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मला तू आवडतेस. कात्रीच्याही आधीपासून.”

आतून कुणीतरी मुकादमच्या नावाने हाका मारत होतं. फलक कुठे बांधायचा यावरून बहुतेक भांडण जुंपलं होतं. तिने त्याच्यापुढे हात केला. तीन महिन्यांच्या सवयीने त्याने आपला डावा हात उचलला.

“हा नको,” ती म्हणाली. “तुझा दे.”

त्याने उजवा हात पँटला पुसला आणि तिच्या हातात दिला.